पिवळीची कीड

डॉक्टरांनी पस्तीस वर्षं लोकांचे दात उपटले, भरले आणि बसवले, पण त्यांचा जीव खरा रमायचा तो दवाखान्यामागच्या गॅरेजमध्ये. तिथे पिवळी राहायची. दोन दारांची, गोल दिव्यांची, लोण्याच्या रंगाची मोटार, वय वर्षं पंचावन्न. एका पेशंटचा गाल सुजला म्हणून डॉक्टर त्याच्या घरी गेले होते, तेव्हा ती परसात उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. डॉक्टर दाढ विसरले आणि गाडीभोवतीच घिरट्या घालू लागले. शेवटी पेशंट सुजल्या तोंडाने म्हणाला, "न्या हो, पण आधी माझं बघा."

पिवळीला रस्त्यावर आणायला सहा वर्षं लागली. दवाखान्यातला तोंडात घालायचा इवलासा आरसा इंजिनाच्या पाठीमागे डोकावायला कामी आला, आणि दातांतली घाण खरवडायच्या बारीक सळ्या कार्बोरेटरची भोकं साफ करायला. अर्थात दोन्हीकडची हत्यारं वेगळी होती. डॉक्टर हे शपथेवर सांगत आणि पेशंट ते ऐकून आणखीनच घाबरत.

त्यानंतरची तेवीस वर्षं दर रविवारी डॉक्टर आणि त्यांची बायको पिवळीतून फेरफटका मारून येत. गाडीला कुठल्याही मेकॅनिकचा हात लागलेला नव्हता. डॉक्टर बॉनेट उघडत, डोळे मिटत, कान देत आणि पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू पाव फेरा इकडे की तिकडे ते ठरवत. "यंत्रं काय सांगणार? माझा कान सांगतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दवाखाना बंद करून निवृत्त झाल्यावर तर ते घरात कमी आणि गॅरेजमध्ये जास्त सापडू लागले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. हुशार, हसरी, कामाला वाघ. डॉक्टरांना ती पहिल्या दिवसापासून आवडली. तिच्यात एकच खोट होती. ती वाहनांच्या धूर तपासणी केंद्रात निरीक्षक होती.

पहिली दोन वर्षं त्यानं काही बिघडलं नाही, कारण तीस वर्षांहून जुन्या गाड्यांना तपासणीतून सूट होती. मग एके दिवशी सकाळी, डॉक्टर ब्रेडला लोणी लावत असताना, सून म्हणाली, "बाबा, बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं. राज्याचा नवा नियम आलाय. जुन्या गाड्यांची सूट गेली."

"गेली म्हणजे?"

"म्हणजे आता सगळ्यांनाच तपासणी. मर्यादाही कडक केलीय. नापास झाली तर तीस दिवसांत दुरुस्त करून परत दाखवायची. तेव्हाही नापास झाली, तर नंबर प्लेट जमा."

डॉक्टरांचा हात लोण्यातच राहिला. मुलगा इस्पितळात परिचारक होता आणि रात्रपाळी करून नुकताच घरी आला होता. त्यानं एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं आणि "मला झोप आलीय" म्हणून काढता पाय घेतला.

त्याच संध्याकाळी जुन्या गाड्यांच्या मंडळाची तातडीची बैठक डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये भरली. मंडळ म्हणजे सात-आठ टकली डोकी आणि तेवढ्याच गाड्या. त्यात दोघे मुख्य. एक छापखानेवाले. त्यांची काळी गाडी इतकी लांब होती की वळणावर पुढचं टोक वळून गेलं तरी मागचं अजून यायचं असे. तिला सगळे जहाज म्हणत. दुसरे बँडमास्तर, शाळेत वाद्यवृंद शिकवणारे. त्यांची गाडी म्हणजे तीन सिलेंडरचं छोटंसं खेळणं. तिच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागे, त्यामुळे ती चालू झाली की गल्लीभर निळा धूर पसरे. तिचं नाव चिलीम.

"हा आपल्यावर अन्याय आहे," छापखानेवाले टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "आपण वर्षाकाठी चालवतो किती? मी निवेदन छापतो. जाड कागदावर."

"माझी तर पहिल्याच फटक्याला उडणार," बँडमास्तर खाली बघत म्हणाले. "चिलीम धूर सोडायची थांबली तर ती बंद पडलीय असं समजतो मी."

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "मी आधी जाऊन येतो. पिवळी एकदम व्यवस्थित आहे. आणि आपलं माणूस आहे तिथं."

हे शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले, पण बोलले.

मंगळवारी सून कितव्या रांगेवर असते, हे डॉक्टरांनी गप्पांच्या ओघात काढून घेतलं होतं. पिवळीला पॉलिश करून, स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून ते तपासणी केंद्रावर पोचले आणि सरळ तीन नंबरच्या रांगेत लागले. पत्र्याचं उंच छप्पर, जमिनीवर पिवळे पट्टे, भिंतीला लागून यंत्रं, आणि प्रत्येक रांगेपुढे एक मोठा पडदा. त्यावर आकडे उमटायचे ते सगळ्यांना दिसायचे. पिवळी आत शिरली तशा आजूबाजूच्या माना वळल्या. कुणीतरी फोटो काढला. डॉक्टरांनी आरशात बघून केस सारखे केले.

सुनेनं गाडी ओळखली, मग चालक ओळखला, आणि तिचा चेहरा पडला. पण क्षणभरच. तिनं हातातली नोंदींची फळी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे माझे सासरे आहेत. ही गाडी मी तपासू शकत नाही." मग शेजारच्या रांगेवरच्या जाड चष्मेवाल्या सहकाऱ्याला हाक मारली, "तुम्ही घेता का?" आणि स्वतः त्याच्या रांगेवर निघून गेली.

डॉक्टरांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. चष्मेवाल्यानं मात्र अगदी आदरानं सायलेन्सरच्या नळीत यंत्राची सळी सरकवली. "इंजिन चालू ठेवा साहेब. चोक आत आहे ना? छान. वा, काय गाडी ठेवलीय!"

पडद्यावर आकडा चढू लागला. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दीड टक्का. आकडा दोनवर गेला, साडेतीनवर गेला, पाचावर क्षणभर रेंगाळला आणि सहा पूर्णांक दोनवर जाऊन बसला. खाली तांबड्या अक्षरांत उमटलं: नापास.

"तुमचं यंत्र बिघडलंय," डॉक्टर म्हणाले.

चष्मेवाल्याला राग आला नाही. त्यानं पुढची गाडी बोलावली, तिच्या नळीत तीच सळी घातली. आकडा शून्य पूर्णांक एक. "यंत्र बरं दिसतंय, साहेब," तो अपराध्यासारखा म्हणाला आणि नापास झाल्याचा कागद त्यानं डॉक्टरांच्या हातात दिला.

त्या दिवसापासून घरात शीतयुद्ध सुरू झालं. डॉक्टर सुनेशी थेट बोलेनासे झाले. जेवायच्या टेबलावर ते बायकोला म्हणत, "तिला म्हणावं, मीठ इकडे सरकव." सूनही काही कमी नव्हती. ती सासूला म्हणे, "आई, त्यांना म्हणावं, मीठ त्यांच्याच हाताशी आहे." मुलानं जादा रात्रपाळ्या मागून घेतल्या.

दिवसभर डॉक्टर गॅरेजमध्ये कान लावून बसत. स्क्रू आवळत, सैल करत. पेट्रोल कमी केलं की पिवळी खोकल्यासारखी आचके देई. वाढवलं की मस्त गुरगुरे, आणि दोन्ही वेळा घशात पेट्रोलचा तोच उग्र वास. हा वास डॉक्टरांना अत्तरासारखा वाटायचा. चार दिवस झाले, आठ झाले, तरी ते होते तिथेच.

नवव्या दिवशी रात्रीच्या जेवणाला ते तावातावानं म्हणाले, "तिला म्हणावं, तेवीस वर्षं ही गाडी चालवतोय. कुणाला कधी काही त्रास झाला?"

बायकोनं चमचा खाली ठेवला. "मला झाला."

"काय?"

"तेवीस वर्षं दर रविवारी माझं डोकं दुखतंय. गाडीत बसल्यावर अर्ध्या तासानं सुरू होतं ते झोपेपर्यंत. मळमळतंसुद्धा."

डॉक्टर हसायला गेले, पण हसू काही फुटेना. "अगं, मग तू... तू तर कायम काच खाली करून बसतेस. थंडीतसुद्धा. तुला वारा आवडतो म्हणून."

"वारा कोणाला आवडतो हो थंडीत? कान बधिर होतात माझे. पण काच लावली की जीव घुसमटतो."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, माझंच काहीतरी असेल. पित्त असेल, चष्म्याचा नंबर असेल. मग कळलं तेव्हा तुमचा चेहरा बघून सांगवलं नाही. आठवड्यातून एकदा तुम्ही असे खुलता." ती उठली आणि ताटल्या गोळा करू लागली. "पण आता पोरीवर राग काढताय, ते मला बघवत नाही. तिच्या यंत्रानं एका मिनिटात सांगितलं ते मी तेवीस वर्षांत सांगू शकले नाही, एवढंच."

डॉक्टर बराच वेळ टेबलापाशीच बसून राहिले. खुर्चीत बसलेल्या प्रत्येक पेशंटला त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता तो 'कुठे दुखतंय?' लहान पोरांना विचारला, तोंड न उघडणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारला. शेजारच्या सीटवरच्या माणसाला तेवढा कधी विचारला नव्हता. इंजिनाला कान देता देता तिकडचा कान जणू बंदच ठेवला होता. त्यांना आठवलं, घरी पोचलं की ती लगेच आडवी व्हायची, आणि ते म्हणायचे, "दमलीस ना? मस्त झाली आजची फेरी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामाला निघाली होती. डॉक्टर दारात आडवे उभे राहिले. हातात नापासाचा कागद होता.

"सूनबाई, चुकलं माझं. त्या दिवशी तुझ्या रांगेत यायला नको होतं मी. तुला अडचणीत टाकलं."

"अहो बाबा, असू दे..."

"नाही, असू दे कशाला. बरं, ते जाऊ दे. हे आकडे मला समजावून सांग. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

सून मनगटावरचं घड्याळ बघून तिथेच पायरीवर बसली. डॉक्टर शेजारी बसले. ती कागदावर बोट ठेवत म्हणाली, "हे बघा, कार्बन मोनॉक्साइड सहाच्या वर, आणि हा ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. म्हणजे पेट्रोल जादा जातंय आणि ते नीट जळायला हवा पुरत नाही. तुम्ही स्क्रूनं कमी केलंत तर काय होतं?"

"आचके देते."

"आणि तरी वास?"

"तरी वास," डॉक्टर म्हणाले आणि थबकले. "कमी केलं तरी वास राहतोच."

"मग स्क्रूचा दोष नाही तो. पेट्रोल दुसरीकडूनच कुठूनतरी येतंय. मला तुमच्या कार्बोरेटरमधलं काही कळत नाही, आमच्याकडे नव्या गाड्या येतात. पण मी असते तर स्क्रूला हात लावला नसता. पेट्रोलचं भांडं कुठे ओसंडतंय का ते बघितलं असतं."

एवढं बोलून ती पळाली, कारण तिला खरंच उशीर झाला होता. डॉक्टर मात्र तिथूनच थेट गॅरेजमध्ये गेले.

कार्बोरेटरच्या पोटात एक लहानशी वाटी असते आणि त्या वाटीतल्या पेट्रोलवर एक पोकळ पितळी डबी तरंगते. संडासाच्या टाकीतला गोळा असतो ना, अगदी तशीच. वाटी भरली की डबी वर येते आणि पेट्रोलचा रस्ता बंद करते. डॉक्टरांनी ती बाहेर काढली, पुसली आणि सवयीनं कानाशी नेऊन हलवली. आतून आवाज आला, चुळुक.

पोकळ डबीत चुळुक कशी येईल? त्यांनी पुन्हा हलवली. चुळुक.

ते स्वयंपाकघरात धावले. "अगं, गरम पाणी! उकळतं!" बायको घाबरली, कुणाला भाजलं की काय म्हणून. डॉक्टरांनी पातेलं उचललं, पार अंगणात नेऊन ठेवलं आणि डबी चमच्यानं पाण्याखाली दाबून धरली. डबीच्या कडेनं, जोडाच्या अगदी खाली, बारीकशा बुडबुड्यांची एक रेघ वर येऊ लागली. तिथे भोक होतं, टाचणीच्या टोकाएवढं. त्यातून पेट्रोल आत शिरायचं, डबी जड होऊन बुडायची, आणि वाटी जी भरायची ती भरतच राहायची.

डॉक्टरांनी डोळ्याला भिंग लावलं, खिशातली सळी काढली आणि ती हलकेच त्या भोकात टेकवली. सळी किंचित अडकली. हा अडकण्याचा अंदाज त्यांच्या बोटांना पस्तीस वर्षांचा होता.

"कीड!" ते ओरडले. "अगं, कीड लागलीय हिला! आणि मी बघितलीच नाही! माझ्या पेशंटला एवढी कीड असती आणि मी ती तेवीस वर्षं सोडली असती, तर त्यानं माझी पाटी उतरवली असती!"

बायकोनं वाकून बघितलं. "एवढ्याशा भोकानं?"

"एवढ्याशाच भोकानं दाढा जातात, बाईसाहेब."

पुढचं काम त्यांच्या हातचा मळ होतं. आतलं पेट्रोल थेंब थेंब काढलं, डबी दिवसभर उन्हात सुकवली, भोकाची कड खरवडून साफ केली आणि डाग देऊन ते बुजवलं, अगदी थोडक्या धातूनं, डबीचं वजन वाढू नये म्हणून. वरून घासून असं गुळगुळीत केलं की बोट फिरवलं तरी कळू नये. मग हवेचं गाळणं नवं घातलं, पेट्रोलची पातळी पट्टीनं मोजून बसवली आणि स्क्रू फिरवताना, आयुष्यात पहिल्यांदा, कानावर अर्धाच भरवसा ठेवला. पिवळीचा आवाज जरा पातळ झाला होता. ती पूर्वीसारखी गुरगुरेना, पण आचकेही देईना.

सव्विसाव्या दिवशी डॉक्टर पुन्हा केंद्रावर गेले, या वेळी नीट विचारून, पहिल्या रांगेत. जाड चष्मेवाला त्यांना बघून खूश झाला. मंडळाचे सगळे टकले कुंपणाबाहेर उभे होते. सूनबाई पलीकडच्या काचेच्या खोलीत पडद्याकडे पाठ करून बसली होती. आपण बघितलं तर कुणीतरी म्हणेल की खूण केली, एवढी ती काटेकोर. पण तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता, ते डॉक्टरांना दिसलं.

आकडा चढू लागला. शून्य पूर्णांक तीन. सहा. आठ. शून्य पूर्णांक नऊ. तिथे थांबला. डॉक्टर श्वास रोखून वाट बघत राहिले, तो पुढे सरकेना. पडदा हिरवा झाला.

"यंत्र बरं आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"उत्तम आहे, साहेब," चष्मेवाला म्हणाला, आणि दोघेही इतके मोठ्यानं हसले की काचेआडची सून वळलीच.

त्या रविवारी डॉक्टरांनी बायकोला शहराबाहेरच्या तलावापर्यंत नेलं. जाताना दर पाच मिनिटांनी ते विचारत होते, "दुखतंय का?" शेवटी ती वैतागली. "आता तुमच्या विचारण्यानं दुखेल! पुढे बघा!" तलाव आला, तेव्हा तिनं काच वर केलेली होती आणि ती कसलंसं गाणं गुणगुणत होती. डॉक्टरांनी ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही. उगाच गाडी थोडी लांबच्या रस्त्यानं घेतली.

मग काय, डॉक्टरांचा दवाखाना पुन्हा सुरू झाला. मंडळातल्या गाड्या एकेक करून गॅरेजसमोर लागू लागल्या. छापखानेवाल्यांच्या जहाजाला तीन आठवडे लागले. त्याच्या गाळण्यात उंदरानं घर केलेलं निघालं आणि सायलेन्सरमध्ये उंदराची नातवंडं. पण जहाज पास झालं. जाड कागदावरचं निवेदन तसंच पडून राहिलं. छापखानेवाल्यांनी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर 'डॉक्टरांचे आभार' असं छापून दिलं.

चिलीम मात्र कशीच पास होईना. होणार तरी कशी? तेल जाळणं हाच तिचा धर्म. डॉक्टरांनी सगळे उपाय केले, शेवटी हात टेकले. बँडमास्तर बॉनेटवर हात फिरवून घरी गेले. दोन दिवस ते शाळेतही गेले नाहीत, तेव्हा सून म्हणाली, "बाबा, नियम मला आख्खा वाचू दे. आम्ही रोज त्यातली पहिली चारच पानं वापरतो."

सुट्टीचा अख्खा दिवस ती नियमाची चोपडी घेऊन बसली. संध्याकाळी तिनं सासऱ्यांना हाक मारली. सोळाव्या पानावर एक कलम होतं: ज्या जुन्या गाड्या बनावटीमुळेच मर्यादेत येऊ शकत नाहीत, त्यांची जतनासाठी वेगळी नोंद करता येईल, आणि अशी गाडी वर्षातून बारा दिवस रस्त्यावर आणता येईल. दिवस आधी कळवायचे.

दोघं लगोलग बँडमास्तरांकडे गेले. त्यांनी कलम तीनदा वाचलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. "बाराच?"

"बाराच," सून म्हणाली. "आणि शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोर नाही. ते मी नाही चालू देणार."

"कबूल. पण वारा असलेला दिवस निवडला तर चालेल ना? म्हणजे धूर कुणाच्या नाकात जाणार नाही."

"वारा आधी कसा कळणार?"

"बँडमास्तराला कळतो," ते म्हणाले. मग त्यांनी पेन्सिल टोकदार केली आणि मोठ्या गंभीरपणानं पहिल्या तारखेवर गोल काढला.

तो दिवस उजाडला तेव्हा वाराबिरा काही नव्हता. चिलीम रस्त्यावर आली, निळ्या धुराचा एक भला थोरला गोळा तिच्यामागे लटकला आणि हलायलाच तयार होईना. मागून जहाज, त्यामागे पिवळी. पिवळीच्या स्टिअरिंगमागे सून बसली होती, कारण डॉक्टरांनी सकाळी किल्ली तिच्या हातावर ठेवली होती. पहिल्याच चौकात तिनं गाडी दोनदा बंद पाडली.

"चोक ओढ! ओढ! आता सोड! हळू!" डॉक्टर बाजूच्या सीटवरून हातवारे करत होते.

"तुम्ही गप्प बसा हो," मागच्या सीटवरून बायको म्हणाली. "तिला कळतं."

"बाबा, हिला पॉवर स्टिअरिंग नाही?"

"तुला दंड आहेत ना? मग!"

तिसऱ्या खेपेला पिवळी सुरू झाली. पुढे चिलीम सिग्नलपाशी धूर सोडत त्यांच्यासाठी थांबली होती आणि बँडमास्तर खिडकीतून हात काढून, ताल धरल्यासारखे, सगळ्यांना पुढे बोलावत होते. सुनेनं एकदा त्या धुराकडे बघितलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि गिअर टाकला.

"काच लावा सगळ्यांनी," ती म्हणाली, आणि पिवळी एक गचका देऊन निघाली.